भाड्याने द्यावं की विकावं?



सकाळपासून तिघांनी मला एकच प्रश्न विचारला : "नागपूरला फ्लॅट घेतला, भाड्याने देऊ की विकून टाकू?" म्हणून त्यावरच बोलते. आपल्या लहानपणी चोरखमाऱ्यात भाडेकरू म्हणजे बदलीवर आलेले गुरुजी नाहीतर वनखात्यातले साहेब. भाड्याचा हिशेब आपण कधी पाहिला नाही. पण सरांनी व्याजाची गणितं घोटून घेतली होती, तेवढी पुरतात.

माझेच आकडे सांगते. फ्लॅट 40 लाखांचा, त्यात कर्ज 30 लाख. मुद्रांक शुल्क, नोंदणी, दलाली मिळून आणखी तीन लाख गेले. दीड वर्षात 44 लाखांचं गिऱ्हाईक आलं. घरचे म्हणाले, चार लाख सुटतात, देऊन टाक. मी वहीत मांडलं. तीन लाख खरेदीच्या खर्चातच गेलेले. साडेआठ टक्क्यांनी दीड वर्षाचं व्याज सुमारे पावणेचार लाख. म्हणजे विकून हाती काही उरत नव्हतं. शिवाय 24 महिन्यांच्या आत घर विकलं, तर नफा इतर उत्पन्नात मिळवून कर लागतो; त्यानंतर विकलं तर दर साडेबारा टक्के.

मग भाडं? तेही फुकटचं नाही. हप्ता 26 हजार, देखभाल 2 हजार, भाडं 13 हजार. दरमहा 15 हजार पगारातून घालायचे. वर्षात एखादा महिना घर रिकामं राहणार, हेही धरायचं. बांधी ठेक्याने दिली तरी धुऱ्यावर फेरी मारावीच लागते, तसंच हे.

आमच्या क्षेत्रात चाळिशीनंतर नोकरीची खात्री देता येत नाही. म्हणून सहा महिन्यांचे हप्ते आधी बाजूला ठेवले, मगच भाडेकरू पाहिला. भाव वाढेल का, हा प्रश्न नंतरचा. पगार थांबला तर हा फरक किती महिने पेलवेल, हे आधी विचारा. पेलवत नसेल तर नफा कमी मिळाला तरी विका. त्यात कमीपणा नाही. वडिलांची धानाची बांधी विकून ज्यांनी पैसा घातला, त्यांनी तर हे नक्की विचारावं. ती बांधी परत मिळत नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. भाडेकरार 11 महिन्यांचा असला तरी 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने तो लेखी हवा आणि नोंदवायलाच हवा. ती जबाबदारी घरमालकाची. आणि मैत्रिणींनो, घर एकटीच्या नावावर घेतलं तर राज्यात 2021 पासून मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत आहे. असं घर 15 वर्षं पुरुषाला विकायचं नाही, ही अट होती. ती 2023 मध्ये निघाली. आता ठेवायचं की विकायचं, हे आपलं आपण ठरवू शकतो.

जेवणानंतर वही-पेन घेऊन बसणार आहे. ज्यांना आपले आकडे मांडायचे असतील त्यांनी जरूर यावं. उत्तर तपासायला सर आहेतच.