अंदाज आणि माप



आज आम्ही आपल्याशी मोजण्याविषयी बोलणार आहोत. मोजणे म्हटले की दुकानातला तराजू डोळ्यांपुढे येतो. पण आज मोजायचा आहे रस्ता, वेळ आणि वेग. या हिशेबावर कधी कधी जीव अवलंबून असतो. म्हणून नीट ध्यान द्या.

वाटेत कुणाला विचारा, "पुढचं गाव किती लांब?" तो म्हणतो, "हे काय, हाकेच्या अंतरावर!" आपण चालू लागतो. तास होतो, तरी गाव येत नाही. तो माणूस खोटे बोलला का? नाही. त्याने अंदाज सांगितला. आपण त्याला माप समजलो.

दोरीचेही तसेच. उंच माणसाचा हात मोठा, ठेंगण्याचा लहान. मग दहा हात दोरी म्हणजे कोणाचे दहा हात? पूर्वी शेर, मण, पायली ही मापे होती. पण एका भागातला शेर दुसऱ्या भागात कमीजास्त भरे. नुकसान कोणाचे? ज्याला हिशेब येत नाही त्याचे. म्हणून १९५६ साली देशात वजनमापांचा कायदा झाला. १९५८ सालच्या ऑक्टोबरपासून किलोची वजने टप्प्याटप्प्याने आली. आता दिल्लीत मीटर तेवढाच आणि आपल्या गल्लीतही तेवढाच.

लांबी मीटरने मोजली, वेळ घड्याळाने मोजली. ही दोन मापे हाती आली की तिसरे आपोआप मिळते. ते म्हणजे वेग. किती वेळात किती अंतर कापले, तो वेग.

आता आमचीच एक गोष्ट सांगतो. उसाचे दिवस होते. भरलेल्या बैलगाडीवर आम्ही बसलो होतो. डांबरी रस्ता ओलांडायचा होता. मोटार दूर दिसत होती. "जाऊ की निघून," असे म्हणून बैल हाकले. गाडी पुरती पार झाली नाही, तोच मोटार अंगावर आली! मोटारवाल्याने ती कशीबशी बाजूला घेतली, म्हणून आम्ही वाचलो. कितीतरी वेळ हातपाय कापत होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही हिशेब केला. तो असा.

शेताच्या वाटेवर २० मीटरवर दोन खुणा केल्या. तेवढीच भरलेली गाडी त्यामधून हाकली आणि घड्याळ पाहिले. २० सेकंद लागले. म्हणजे एका सेकंदात १ मीटर. हा झाला गाडीचा वेग.

रस्त्याची रुंदी मोजली. ती भरली ७ मीटर. बैलांच्या तोंडापासून उसाच्या शेवटापर्यंत गाडी भरली ६ मीटर. बैल पलीकडे पोचले म्हणजे गाडी पार झाली, असे नव्हे. मागचे टोकही रस्त्याबाहेर गेले पाहिजे. म्हणून ७ आणि ६ मिळून १३ मीटर जायचे. त्याला १३ सेकंद हवेत.

आता मोटार पाहा. ती तासाला ७२ किलोमीटर वेगाने येते असे धरू. ७२ किलोमीटर म्हणजे ७२,००० मीटर. एका तासात ३,६०० सेकंद. भागाकार करा. उत्तर येते २०. म्हणजे मोटार एका सेकंदात २० मीटर येते. १३ सेकंदांत ती २६० मीटर येईल!

मोटार २०० मीटरवर असली तर आपल्याला ती लांब वाटते. पण ती १० सेकंदांत येऊन ठेपते. तेव्हा गाडीचा मागचा ३ मीटर भाग अजून रस्त्यावरच असतो. आमचे नेमके इथेच चुकले. आम्ही मोटार किती लांब ते पाहिले. ती किती वेळात येईल ते पाहिले नाही.

कुणी म्हणेल, "मोटारवाला ब्रेक मारील की!" मारील. पण चालती वस्तू एकदम थांबत नाही. चालत राहणे हा तिचा धर्मच आहे. न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञाने १६८७ साली हा नियम ग्रंथात मांडला. आपल्याला तो एस. टी. मध्ये रोज कळतो. ब्रेक लागला की आपण पुढे जातो, ते याचमुळे. चालत्या एस. टी. मधून उडी मारणारा तोंडावर पडतो, तेही याचमुळे. पाय जमिनीवर थांबतात, पण अंग पुढेच धावते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वेग दुप्पट झाला, तर ब्रेक लागल्यावर थांबायला जागा दुप्पट लागत नाही, चौपट लागते. रस्ता ओला असला तर त्याहूनही जास्त.

तेव्हा मंडळी, एवढे करा. आपल्या फाट्यावरचा रस्ता टेपने मोजा. आपल्या गाडीचा वेग घड्याळ लावून काढा. पार व्हायला किती सेकंद लागतात, ते वहीत लिहा आणि घरातल्या पोरांनाही समजावून सांगा. रात्री मोटारीचे नुसते दिवे दिसतात. तेव्हा अंदाज जास्तच फसतो. शंका आली तर बैल थांबवा. मोटार जाऊ द्या. अर्धा मिनिट थांबल्याने ऊस वाळत नाही.

अक्षरे आपण शिकलात. आता आकडेही कामाला लावा.