वैद्याचा परतीचा निरोप

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात आर्णी येथे केलेले भाषण)



मंडळाच्या चिटणीसांनी आम्हांस ‘आरोग्याविषयी चार शब्द’ सांगण्याची आज्ञा केली. आरोग्यावर दरवर्षी कोणी ना कोणी बोलतोच. कोणी आहारावर बोलतो, कोणी व्यायामावर, आणि पंगत बसली की ती दोन्ही व्याख्याने आपण जिलबीबरोबर पचवून टाकतो. म्हणून आम्ही विषय जरा निराळा घेतला आहे. आपण दवाखान्यात फोन केला, डॉक्टर कामात होते, ‘साहेब मागाहून फोन करतील’ असे उत्तर मिळाले. तर तो फोन किती वेळात यावयास हवा? विषय क्षुल्लक वाटेल. परंतु आर्णीत व आसपासच्या खेड्यांत तीस-बत्तीस वर्षे वैद्यकी केल्यावर आम्हांस तो मुळीच क्षुल्लक वाटत नाही. का वाटत नाही, ते आमच्याच एका अपराधाच्या निमित्ताने सांगणार आहोत.

आपल्या पूर्वजांनीही निरोपाची गोष्ट हलकी मानलेली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात वैद्याला बोलावण्यास येणाऱ्या दूताचा विचार केलेला आहे. तो कोणत्या वेळी आला, कसा आला, काय बोलला, यांवरून रोग्याचे शुभाशुभ ताडावे असे तेथे म्हटले आहे. त्यातील शकुनाचा भाग आज कोणी मानणार नाही, मानूही नये. तथापि रोगी आणि वैद्य यांच्यामधला निरोप्या हा चिकित्सेचाच एक भाग आहे, ही जाण त्यामागे खचित आहे. आमच्या लहानपणी लोणबेहळकडून, सावळी सदोबाकडून माणूस दमणी जुंपून येई. डॉक्टर घरी नसले तर तो ओट्यावर बसून राही आणि डॉक्टर आले की त्यांना घेऊनच जाई. पुढे एस. टी. आली व कंडक्टरच्या हाती चिठ्ठी देण्याची रीत पडली. ओट्यावर बसलेल्या त्या माणसाचा एक मोठा गुण होता : तो डोळ्यांसमोर असे, त्याला विसरणे शक्य नसे. फोनवरचा निरोप्या दिसत नाही, म्हणूनच तो विसरला जातो.

फोनचे उपकार आम्ही नाकारीत नाही. फोन निघून फार वर्षे झाली नव्हती तेव्हाची, १८७९ सालची, एक हकीकत ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापलेली आहे. एका घरी रात्री मूल खोकत होते. घशाचा भयंकर विकार असावा अशी घरच्यांना धास्ती पडली. डॉक्टरांनी मुलाला फोनजवळ धरावयास सांगितले, खोकल्याचा आवाज ऐकला आणि तो विकार नव्हे असे सांगून घरच्यांना स्वस्थ झोपावयास लावले. फोनवर रोगी ‘ऐकणारा’ वैद्य इतका जुना आहे! परंतु त्या कथेतील डॉक्टर फोनजवळ होते, हे विसरून चालणार नाही.

आता आमची हकीकत. मोबाइल नुकतेच खेड्यापाड्यांत पोचले होते तेव्हाची ही गोष्ट. पावसाळ्याचे दिवस, हिवताप आणि हगवण यांच्या रोग्यांनी दवाखान्याचा व्हरांडा भरून गेलेला. दुपारी तीनच्या सुमारास एका खेड्यातून फोन आला की, सात वर्षांच्या मुलास सकाळपासून ताप आहे, काय करावे? आमच्या कंपाउंडरने रीतीप्रमाणे ‘साहेब मागाहून फोन करतील’ असे सांगितले, औषध कंपनीच्या कागदावर नाव व नंबर लिहिला आणि कागद आमच्या टेबलावर ठेवला. त्याच्यावर दुसरे कागद पडले. रात्री साडेनऊ वाजता दवाखाना बंद करताना तो आमच्या हाती लागला. त्यावर ‘ताप’ एवढाच शब्द होता. पावसाळ्यात ताप कोणास नसतो? एवढ्या रात्री घरच्यांना कशास उठवा, सकाळी पाहू, असे म्हणून आम्ही घरी आलो व जेवून झोपलो.

त्या मुलास सिकलसेलचा आजार होता. आम्हीच त्याचे रक्त तपासणीस पाठविले होते, आम्हीच ते निदान आईबापांना समजावून दिले होते, आणि ‘याला ताप आला की लगेच कळवा’ हेही आम्हीच सांगितले होते. विदर्भात हा आजार कोणास नवा नाही. अशा मुलांची प्लीहा लहानपणीच निकामी होते आणि काही जंतूंशी झुंजण्याची शरीराची शक्ती तिच्याबरोबर जाते. इतर मुलांचा ताप एखादा दिवस थांबू शकेल. यांचा ताप काही तासांत रक्तात विष भिनवू शकतो. त्या माउलीने आमची आज्ञा तंतोतंत पाळली होती. तिने कळविले होते. पहाटे मूल बरळू लागले तेव्हा घरच्यांनी जीप करून यवतमाळ गाठले. मेंदूच्या आवरणास सूज आली होती. मुलगा वाचला, परंतु एका कानाने त्यास पुढे कधी ऐकू आले नाही.

महिन्याभराने ती बाई त्याला घेऊन आमच्याकडे आली. तिने एका शब्दाने दोष दिला नाही. एवढेच म्हणाली, “तुमचा फोन येईन म्हून आमी वाट पायत बसलो, डाक्टरसाहेब.”

ज्ञातिबंधूंनो, या एका वाक्याने आम्हांस जे शिकविले ते वैद्यकीच्या कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचलेले नव्हते. ‘मागाहून फोन करतो’ असे म्हटले की आपण रोग्याला काहीच दिले नाही, असे डॉक्टरांना वाटते. वस्तुतः आपण त्यास एक हुकूमच दिलेला असतो : घरी बसून राहा. आमच्याकडून ‘साहेबांना वेळ नाही, दुसरीकडे जा’ असे तुसडे उत्तर मिळाले असते, तर ती मंडळी संध्याकाळच्या आत यवतमाळास पोचली असती. अंतर ते किती, सुमारे ४० किलोमीटर! आमच्या गोड आश्वासनाने त्यांचे पाय बांधले.

तेव्हा फोन किती वेळात यावा, याचे उत्तर घड्याळाच्या एकाच आकड्यात देता येत नाही. काही फोन असे असतात की त्यांना परत फोन करणे हाच अपराध. सन २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळांत पडले, आणि जिल्ह्याचे नाव देशभर गेले ते अशा दुःखद कारणाने. फवारणीचे विष कातडीवाटे आणि श्वासावाटे अंगात शिरते. तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडू लागतात. अशा घरून फोन आला असता कंपाउंडरने ‘साहेबांना विचारतो’ म्हणू नये. कपडे काढा, साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवा, औषधाचा डबा किंवा पुडा बरोबर घ्या आणि आत्ताच्या आत्ता निघा, एवढे त्याला तोंडपाठ हवे. सर्पदंशाचेही तसेच. मण्यार चावल्याचे पुष्कळदा कळतही नाही, वेदना नसते, आणि काही तासांनी पापण्या मिटू लागतात. तेथे दुखत नाही म्हणून थांबणे घातक. छातीत कळ, धाप, झटके, गरोदर बाईचा रक्तस्राव, एकाएकी तोंड वाकडे होणे, या सर्वांस उत्तर एकच : फोन ठेवा, १०८ लावा. ही रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून महाराष्ट्रात चालू आहे. विषबाधेसाठी दिल्लीच्या एम्स संस्थेतील विषमाहिती केंद्रही अहोरात्र फोनवर सल्ला देते; तेथून आमच्यासारख्या खेड्यातील डॉक्टरांनाही उपचार विचारता येतात.

दुसऱ्या फोनांना आम्ही ‘तासाच्या आतले’ म्हणतो. सिकलसेलच्या मुलाचा ताप, अंगावर न पिणारे नवजात बाळ, गरोदरपणी डोके दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणे, शस्त्रक्रियेनंतर जखमेतून पू येणे, नव्या औषधाने अंगावर उठलेले फोड, हे त्यांत येतात. अशा वेळी पुढ्यातला रोगी दोन मिनिटे थांबवून फोन करावा. पुढ्यातल्याला राग येत नाही. कारण सांगितले तर तोच म्हणतो, ‘करा, आधी करा.’ रक्तलघवीचे अहवाल, गोळीची मात्रा अशी विचारपूस त्याच दिवशी, दवाखाना बंद होण्यापूर्वी. दाखले व विम्याचे कागद दुसऱ्या दिवशी चालतील. हे वेळापत्रक आमचे आहे, कोणा सरकारचे नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांत रोग्याने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावीत असे स्पष्ट आहे, आणि हाती घेतलेल्या रोग्याची हयगय करू नये असेही आहे. परंतु फोन किती तासांत करावा हे त्यांत नाही. कागदाला मुदत आहे, आवाजाला नाही! २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शिकेने फोनवरील सल्ल्यास रीतसर मान्यता दिली, त्यासाठी योग्य ते शुल्क घेण्याचीही मुभा दिली, आणि तातडीच्या प्रसंगी फोनवरच न थांबता रोग्यास प्रत्यक्ष उपचाराकडे धाडावे असे बजावले.

येथे एक कडू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. आपल्याच समाजातील काही मंडळी दवाखान्यात फोन करून प्रथम आडनाव सांगतात, मग डॉक्टरांशी असलेले नाते, आणि रोग सर्वांत शेवटी. ‘आपला माणूस’ म्हणून आपला फोन आधी व्हावा ही त्यांची अपेक्षा असते, आणि आम्हीही पुष्कळ वर्षे ती पुरी केली, हे कबूल करतो. त्या दुपारी जे फोन आम्ही स्वतः उचलले त्यांत एक आमच्या व्याह्यांचा होता, आणि तो पित्ताच्या गोळीसाठी होता. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लॅरे यांनी जखमी सैनिकांना हुद्दा न पाहता जखमेच्या गंभीरपणाप्रमाणे हाती घेण्याची पद्धत घालून दिली. रणांगणावर सेनापतीने जे चालू दिले, ते आपणांस आर्णीच्या दवाखान्यात जड का जावे?

डॉक्टरांची बाजूही ऐकावी. हंगामात दिवसाला शंभर रोगी आणि मदतीला एक कंपाउंडर, ही खेड्यातील स्थिती. रोगी न पाहता काही सांगावे आणि ते चुकावे, ही भीती निराळीच. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते असा निर्णय दिल्यापासून ती वाढली. शिवाय एकाच आजोबांच्या रक्तदाबाविषयी पुण्याचा मुलगा, नागपूरची मुलगी आणि अमेरिकेतला नातू असे तिघे तीन वेळी फोन करतात, आणि तिघांपैकी एकही आजोबांजवळ नसतो. अमेरिकेत दवाखाना मिटल्यावर फोन घेणाऱ्या स्वतंत्र सेवा असतात, अनेक ठिकाणी प्रशिक्षित परिचारिका प्रश्न विचारून तातडी ठरवितात; ब्रिटनमध्ये त्यासाठी १११ हा क्रमांकच आहे. नातवाला त्या व्यवस्थेची सवय, आणि आमच्याकडे मात्र एकच कंपाउंडर. आता तर व्हॉट्सॲपवरील निळ्या खुणेची भर पडली आहे. संदेश वाचल्याचे रोग्याला दिसते, उत्तर येत नाही, आणि तो तासन्‌तास ती खूणच पाहत बसतो.

त्या घटनेनंतर आम्ही सुटे कागद बंद केले व टेबलावर एक वही ठेविली. नाव, गाव, फोन आल्याची वेळ, तक्रार, किती वाजेपर्यंत उलट फोन करू म्हणून सांगितले ती वेळ, आणि प्रत्यक्ष केला ती वेळ. कंपाउंडरला निदान करावयाचे नसते. त्याने चार गोष्टी विचारावयाच्या : रोग्याचे वय काय, केव्हापासून, जुना आजार कोणता, आणि रोगी आत्ता खातो-पितो-बोलतो का. सिकलसेल, गरोदर आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांची नावे वहीच्या पहिल्या पानावर तांबड्या शाईने लिहिली. शेवटी त्याने एक वाक्य म्हणावयाचे : ‘पाच वाजेपर्यंत साहेबांचा फोन आला नाही तर वाट पाहू नका, ग्रामीण रुग्णालयात जा.’ हे वाक्य म्हणताना तो प्रथम फार संकोचला. मालकाची उणीव आपल्या तोंडाने कशी सांगावी! परंतु अनुभव असा आला की, वेळ कळली म्हणजे लोक पाच-पाच वेळा फोन करीत नाहीत आणि कामाचा ताण उलट हलका होतो.

आपल्या कुटुंबांनीही थोडे करावे. घरातील एकानेच बोलावे, आणि जो रोग्याजवळ आहे त्याने बोलावे. चालू औषधांच्या पट्ट्या हाताशी ठेवून फोन लावावा. ‘बरं वाटत नाही’ म्हणण्याऐवजी किती वेळा उलटी झाली, लघवी केव्हा झाली, हे सांगावे. ‘मागाहून फोन करू’ असे उत्तर आले तर ‘किती वाजेपर्यंत?’ हे निःसंकोच विचारावे. असे विचारणे उद्धटपणा नव्हे. आणि सांगितलेली वेळ टळली तर डॉक्टरांचा मान राखण्यासाठी बसून राहू नये.

आमचा दवाखाना आता आमची सून चालविते. वहीची जागा तिने संगणकाला दिली आहे, पण रकाने तेच आहेत. जुन्या वह्या आमच्याकडे आहेत. शेवटच्या रकान्यात काही जागा कोऱ्या आहेत, त्या आम्ही मागाहून भरलेल्या नाहीत. समाजातील तरुण डॉक्टरांपैकी कोणास त्या पाहावयाच्या असतील तर त्यांनी अवश्य घरी यावे. सायंकाळी पाचनंतर आम्ही घरीच असतो.