माकडाची पापणी

आमच्या करंजाड्याहून कर्नाळ्यास जाणारी मंडळी वाटेवरील माकडांना जवळ बोलावून मोठ्या मायेने केळी भरवितात. भरविणारा क्षयी असेल, तर त्याच्या खोकल्यातून तो रोगही माकडाकडे जाऊ शकतो. रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली जाहीर केलेला जंतू तोच, आणि माकडाला तो फार लवकर ग्रासतो.

माकड आपले दुखणे लपविते; अगदी खंगेपर्यंत कळू देत नाही. म्हणून बंदिवासातील माकडांच्या वरच्या पापणीत पशुवैद्य ट्यूबरक्युलिन टोचतात. पापणीच का? पुन्हा धरपकड न करता पिंजऱ्याबाहेरूनच ७२ तासांपर्यंत सूज पाहता येते! मोठी नामी युक्ती. तपासताना वैद्य तोंडावर पट्टी बांधतो, ती स्वतःइतकीच त्या मुक्या रोग्यासाठी.