युद्धकाळातील रंगशाळा



शहरावर तोफा रोखलेल्या असताना एखाद्याने निळ्या रंगाशेजारी नारिंगी ठेवावा की लाल, याचा विचार करीत बसावे काय? युद्ध पेटले की हा प्रश्न कलावंतांना विचारला जातोच. शतकापूर्वी कीव्ह शहरातील एका चित्रकर्तीने वर्ग भरवून त्याचे उत्तर दिले.

अलेक्झांड्रा एक्स्तेर यांचा जन्म १८८२ साली, आज पोलंडमध्ये असलेल्या बियालिस्तोक येथे झाला; मात्र त्या वाढल्या आणि शिकल्या कीव्हमध्ये. १९०७ पासून त्यांचे पॅरिसला जाणे-येणे सुरू झाले. पिकासो, ब्राक, लेजे यांच्या सहवासात त्यांनी घनवाद जवळून पाहिला. परंतु त्यातील करड्या-तपकिरी छटांत त्यांचे मन रमले नाही. युक्रेनच्या खेड्यांतील भरतकामाचे तेजस्वी रंग त्यांच्या डोळ्यांत ठसलेले होते. हळूहळू त्यांच्या चित्रांतील वस्तू विरत गेल्या आणि उरली ती रंगांची गती.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि पॅरिसची वाट बंद झाली. तेव्हा एक्स्तेर यांचे लक्ष आपल्याच मुलखाकडे वळले. नतालिया दाविदोवा यांनी व्हर्बिव्का गावी चालविलेल्या हस्तकला केंद्रात शेतकरी स्त्रिया भरतकाम करीत. त्यांच्यासाठी नव्या चित्रकारांनी आराखडे काढले. १९१५ च्या नोव्हेंबरात हे काम मॉस्कोच्या प्रदर्शनात मांडले गेले. त्यात मालेविच यांच्याही रचना होत्या. त्यांचा सुप्रसिद्ध ‘काळा चौकोन’ जगापुढे आला तो त्यानंतर, डिसेंबरात. अमूर्त कलेच्या इतिहासात खेड्यातल्या सुईला हे मानाचे स्थान आहे.

पुढची वर्षे अधिक कठीण होती. १९१८ साली एक्स्तेर यांच्या पतीचे निधन झाले. यादवी युद्धात कीव्हची सत्ता वारंवार पालटत होती. आज एक सैन्य, तर काही महिन्यांनी दुसरे. त्याच काळात एक्स्तेर यांनी कीव्हमध्ये आपली चित्रशाळा चालविली. रंगाला वजन असते, रेषेला ताल असतो, आणि हे नियम चित्रफलकाप्रमाणेच रंगमंचालाही लागू पडतात, हे तेथे शिकविले जाई. त्यांनी स्वतः १९१६ साली मॉस्कोतील एका नाटकासाठी रंगविलेल्या पडद्यांऐवजी पायऱ्या आणि घनाकृतींचे नेपथ्य उभारले होते. नर्तकी ब्रोनिस्लावा निजिन्स्का यांनी १९१९ मध्ये कीव्हमध्ये नृत्यशाळा काढली, तेव्हा या दोघींच्या कलाविचारांची देवाणघेवाण झाली. अनातोल पेत्रित्स्की, वादिम मेलर, इसाक राबिनोविच यांच्यासारखे नेपथ्यकार याच वातावरणात घडले.

ही चित्रशाळा जेमतेम दोन-तीन वर्षे टिकली. १९२४ साली एक्स्तेर यांनी देश सोडला आणि १९४९ मध्ये पॅरिसजवळ त्यांचे निधन झाले. मागे राहिलेल्यांच्या वाट्याला स्तालिनची राजवट आली. मिखाइलो बोयचुक आणि नाट्यदिग्दर्शक लेस कुर्बास यांना १९३७ साली गोळ्या घालण्यात आल्या. अनेक चित्रे कीव्हच्या संग्रहालयातील ‘विशेष निधी’ नावाच्या बंद कोठारात टाकली गेली. तेथील काही जाणत्या कर्मचाऱ्यांमुळेच ती वाचली.

१५ नोव्हेंबर २०२२ रोजी त्या पिढीची चित्रे दोन मालमोटारींत भरून कीव्हमधून माद्रिदकडे निघाली. त्याच दिवशी युक्रेनवर नव्वदहून अधिक क्षेपणास्त्रे डागली गेली. सीमेपलीकडे पोलंडच्या हद्दीतही एक क्षेपणास्त्र कोसळले आणि वाहने सीमेवर अडकली. अखेर चित्रे सुखरूप पोहोचली आणि महिनाअखेरीस ‘वादळाच्या केंद्रात’ हे प्रदर्शन माद्रिदमध्ये उघडले. एक्स्तेर यांच्या कलाकृतीही त्यात होत्या. आजवर ज्यांना सरसकट ‘रशियन’ म्हटले जाई, त्या कलावंतांच्या नावापुढे तेथे ‘युक्रेन’ लिहिले गेले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. रंगांनी एकही तोफ थांबविली नाही, आणि तसा दावा एक्स्तेर यांच्या शिष्यांनीही कधी केला नसता. मात्र तोफा थांबल्यावर आपण कोण होतो, हे सांगायला काही उरावे लागते. ते उरावे म्हणून कोणीतरी वर्ग भरवावा लागतो, कोणीतरी शिकायला यावे लागते आणि कोणीतरी कोठाराची किल्ली जपावी लागते. शाळेच्या हीरक महोत्सवात स्मरावे असे याहून मोठे काय असणार?