प्रवेशाचा अर्ज आणि जाणता सोबती

कॉलेजचें दार ठोठावण्याची वेळ विद्यार्थ्याच्या आयुष्यांत बहुधा एकदांच येते. आणि तीहि अशा वयांत, कीं जेव्हां निर्णयाचें ओझें पुष्कळ आणि अनुभवाची शिदोरी थोडी असते. त्या वेळीं जाणता सोबती मिळणें ही चैन नव्हे, गरज आहे.

पूर्वीं ही गरज फारशी भासत नसे. कारण निवडण्यासारखें फार नव्हतें. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें. १९४९ सालीं पुणें विद्यापीठ निघेपर्यंत नाशिक जिल्ह्यांतील विद्यार्थी मुंबई विद्यापीठाच्याच परीक्षांना बसत. नाशकांत गोखले एज्युकेशन सोसायटीचें हंसराज प्रागजी ठाकरसी कॉलेज निघालें तें १९२४ सालीं. दोनचार वाटांपैकीं कोणती धरावी, हें सांगावयास घराणें ओळखणारे हेडमास्तर पुरेसे होते.

आज वाटा वाढल्या, आणि त्यांबरोबर वाट चुकण्याचें भयहि वाढलें. सप्तशृंगीच्या डोंगराजवळचें, द्राक्षबागांनीं वेढलेलें वणी हें गांव घ्यावें. अकरावीचे केंद्रीय प्रवेश पूर्वीं मुंबई, पुणें, नाशिक, नागपूर व अमरावती या महानगरी क्षेत्रांपुरतेच संगणकाद्वारें होत. २०२५-२६ या वर्षीं ती पद्धति साऱ्या महाराष्ट्रास लागू झाली. गांवच्या शाळेंत अर्ज देऊन मोकळें होण्याची जुनी रीत संपली.

त्या वर्षींच्या अर्जांत एक ते दहा कॉलेजें पसंतीच्या क्रमानें नोंदवावयाचीं होतीं. पहिल्या पसंतीचें कॉलेज मिळालें, कीं तेथें प्रवेश घेणें बंधनकारक. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्या बंद. अभियांत्रिकीच्या प्रवेशांतहि त्याच वर्षीं पहिल्या फेरींत पहिली पसंती, दुसरींत पहिल्या तीन व तिसरींत पहिल्या सहांपैकीं एखादी मिळाल्यास ती स्वीकारणें भाग झालें.

या नियमाचा अर्थ नीट ध्यानीं घेतला पाहिजे. भीतीनें हमखास मिळणारें कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिणारा विद्यार्थी तेथेंच अडकतो. वरचें कॉलेज गुणांनीं त्याला मिळण्याजोगें असलें तरी मिळत नाहीं. उलट, केवळ नांवाजलेलीं शहरी कॉलेजेंच लिहिणारा रिकाम्या हातीं राहूं शकतो. खरी इच्छा वर, आटोक्यांतलें खालीं, आणि जेथें जावयाचेंच नाहीं तें यादींत मुळींच नाहीं, हा सरळ क्रम होय.

परंतु असे सर्वसाधारण नियम छापून सर्वांचें भागत नाहीं. समजा, वणीच्या परिसरांतील दोन मुलींना सारखेच गुण पडले. दोघींनाहि अभियांत्रिकीकडे जावयाचें आहे. पहिली कोकणा जमातीची. तिच्या बाबतींत सर्वांत मोठा प्रश्न जात वैधता प्रमाणपत्राचा. आजोबा-पणजोबांच्या शाळेंतील जुन्या नोंदी शोधून हें काम बारावीच्या निकालाची वाट न पाहतां, आधींच हातीं घेतलें पाहिजे. शिवाय आदिवासी विकास विभागाच्या वसतिगृहाचा विचार कॉलेजच्या यादीबरोबरच व्हावयास हवा.

दुसरी इतर मागासवर्गांतील द्राक्षबागायतदाराची मुलगी. तिला नॉन-क्रिमिलेअरचा व उत्पन्नाचा दाखला लागेल. २०२४-२५ पासून ज्यांच्या कुटुंबाचें वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत आहे अशा या वर्गांतील मुलींना व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालें. मात्र प्रवेश केंद्रीय फेऱ्यांतून झालेला असला पाहिजे. जागा हातची जाईल या धास्तीनें वडिलांनीं घाईघाईनें व्यवस्थापन कोट्यांतील जागा घेतली, तर ती माफी गेलीच म्हणून समजावें. गुण सारखे, गांव तेंच. पण एकीला दिलेला सल्ला दुसरीच्या उपयोगाचा नाहीं.

शहरांतून यासाठीं पैसे घेऊन सल्ला देणारे बसले आहेत. त्यांतले कांहीं जाणकार असतीलहि. परंतु जो विद्यार्थ्याचें ऐकून घेण्यापूर्वींच कॉलेजचें नांव सुचवितो, अथवा जागेची हमी देतो, त्याच्यापासून दूर राहिलेलें बरें. प्रवेश गुणवत्तेच्या यादीनें होतात. हमी कोणीहि देऊं शकत नाहीं. शासनानें नेमलेलीं सुविधा केंद्रें कागदपत्रें तपासून देतात. मागील वर्षींच्या अखेरच्या गुणांच्या याद्याहि सर्वांस खुल्या असतात.

उरतें तें काम माणसाचें. मुलीला काय आवडतें, एसटीनें रोज नाशिकला जाणें-येणें जमेल काय, घरची ऐपत किती, बाग यंदा पिकली कीं गारपिटींत गेली, हें यंत्राला कळत नाहीं. शाळेंतील एखादा शिक्षक किंवा नुकतीच त्या वाटेनें गेलेली शेजारची ताई अर्जाजवळ तासभर बसली, तरी पुष्कळ साधतें. मात्र तिनें प्रश्न विचारावे, नियम समजावून सांगावे आणि निर्णय मुलीवर सोपवावा. चार वर्षें त्या वर्गांत तिलाच बसावयाचें आहे.

शहरांतील सुशिक्षित घरांतून अशीं जाणतीं माणसें पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या अनेकांचीं मुळें वणीसारख्याच गांवीं आहेत. जून महिन्यांत अशा एखाद्या घरीं गांवाकडून विचारणा आली, तर एक संध्याकाळ त्या मुलाच्या अर्जासाठीं राखून ठेवावी. देणाऱ्याचें त्यांत फारसें जात नाहीं. घेणाऱ्याचें मात्र एक वर्ष, क्वचित् सारें आयुष्यहि, वांचतें.