चित्राआडून बोलणारे मन

“तुला काय झाले?” या प्रश्नाला खिन्न बालकाचे उत्तर बहुधा ठरलेले असते: “काही नाही.” तेच बालक चित्रातील मुलाचे दुःख मात्र मोकळेपणाने सांगू लागते.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात हेन्री मरे मानसशास्त्र शिकवीत असत. त्यांच्या एका विद्यार्थिनीचा मुलगा आजारपणात मासिकांतील चित्रांवरून गोष्टी रचीत असे. तिने हे मरे यांना सांगितले आणि त्यातून एका नव्या पद्धतीची कल्पना निघाली, असे म्हणतात. ख्रिस्तियाना मॉर्गन यांच्यासह त्यांनी ही पद्धत १९३५ साली मांडली, आणि १९४३ साली एकतीस चित्रपत्रांचा संच प्रसिद्ध झाला.

पहिल्याच पत्रावर एक मुलगा समोरच्या व्हायोलिनकडे पाहत बसला आहे. येथे काय चालले आहे, पूर्वी काय घडले, त्याच्या मनात काय आहे आणि शेवट काय होईल, एवढेच विचारावयाचे. एकाच्या गोष्टीत वडिलांनी त्याला बळेच बसविलेले असते. दुसऱ्याच्या गोष्टीत वाद्य मोडलेले असते. तिसऱ्याला टाळ्यांचा कडकडाट ऐकू येतो. चित्र तेच! संचातील एक पत्र तर अगदी कोरे आहे. तेथे चित्रही सांगणाऱ्यानेच कल्पावयाचे.

मुलांसाठी बेलाक दांपत्याने १९४९ साली प्राण्यांची दहा चित्रे केली. परके चेहरे, परके पोशाख आपल्याकडील माणसांना जवळचे वाटेनात, म्हणून उमा चौधरी यांनी या संचाचे भारतीय रूपांतर केले.

चित्र दाखवून कथा सांगणे आपणांस नवे नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तेच करीत आले. परंतु तेथे कथा परंपरेने ठरलेली. येथे ती सांगणाऱ्याच्या अंतरातून यावयाची.

मात्र ही पत्रे म्हणजे पोपटवाल्या ज्योतिषाच्या चिठ्ठ्या नव्हेत. गोष्टीतला बाप मेला म्हणून मुलाचा बापावर राग आहे, असा निकाल देणे अविचाराचे होय. कदाचित आदल्या रात्री आजीने तशीच कथा सांगितली असेल. खरी परीक्षा प्रशिक्षित माणसानेच करावी, आणि तज्ज्ञांतही अर्थाविषयी मतभेद आहेतच.

घरी किंवा शाळेत जुन्या दिनदर्शिकेतील एखादे चित्र पुढे ठेवून “मग पुढे?” एवढे विचारण्यास हरकत नाही. “तो” म्हणता म्हणता मूल एखादे वेळी नकळत “मी” म्हणून जाते. त्या क्षणी “म्हणजे तूच ना?” असे कोणी विचारले, की गोष्ट बहुधा तेथेच थांबते.