पाण्याखालची ‘ओ’

ज्यांनी विहिरीत पोहायला शिकलं आहे, त्यांना हा खेळ आठवेल. एकानं बुडी मारून दोन दगड एकमेकांवर आपटायचे. बाकीच्यांनी पाण्याखाली डोळे मिटून आवाज कुठून आला, तिकडं बोट दाखवायचं. धर्मापुरीत आमच्या लहानपणी उन्हाळ्याच्या दुपारी हा खेळ तासन्‌तास चालायचा. पण बोट नेमक्या दिशेला क्वचितच जायचं. आवाज खणखणीत यायचा, पण चहूकडून. जणू आपल्याच डोक्यात वाजतोय. काठावर आंधळी कोशिंबीर खेळताना मात्र हीच पोरं डोळ्यांवर फडकं असूनही ‘ओ’ देणाऱ्याला बरोबर धरायची. मग पाण्यात कानाला होतं काय?

याचं उत्तर मला पन्नाशीनंतर मिळालं, तेही भाच्याकडून. तो मुंबईच्या समुद्रात, तेलविहिरींच्या कामावरच्या जहाजावर नोकरीला आहे. ईदला घरी आला तेव्हा हसत म्हणाला, “मामू, तुमचा खेळ आम्ही पगार घेऊन खेळतो.”

हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. उजवीकडून आला, तर उजव्या कानाला क्षणभर आधी पोचतो. त्या केसभर फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. पाण्यात मात्र आवाज सेकंदाला दीड हजार मीटरच्या आसपास धावतो. फरक चार-पाच पटींनी कमी होतो आणि मेंदूचा हिशेब चुकतो. हा वेग माणसानं फार पूर्वी मोजला. १८२६ मध्ये कोलाडॉन आणि स्टर्म या दोघांनी जिनिव्हाच्या सरोवरात दोन होड्या दूर दूर उभ्या केल्या. एका होडीखाली पाण्यात घंटा वाजवायची आणि त्याच क्षणी वर दारू पेटवायची. दुसऱ्या होडीतल्या माणसानं उजेड दिसल्यापासून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजायचा. आकडा आला सेकंदाला १४३५ मीटर. तिथलं पाणी थंड आणि गोडं होतं. पाणी उबदार असलं, खारट असलं, खोल गेलं की वेग वाढतो.

वेग कळला की वेळेवरून अंतर काढता येतं. आज आपण कुठं आहोत हे मोबाइल सांगतो, कारण आकाशातले उपग्रह रेडिओलहरी पाठवतात. पण या लहरी समुद्राच्या पाण्यात शिरल्या की विरून जातात. उजेडही फार खोल जात नाही. मैलोन्‌मैल जातो तो फक्त आवाज. म्हणून पाण्याखाली कोणाचा ठावठिकाणा काढायचा, तर आंधळी कोशिंबिरीचीच रीत: हाक मारायची आणि ‘ओ’ची वाट पाहायची.

या विद्येची निकड जगाला कळली ती एका दुर्घटनेतून. १० एप्रिल १९६३ रोजी अमेरिकेची ‘थ्रेशर’ ही अणुपाणबुडी १२९ माणसांसह अटलांटिकमध्ये बुडाली. खोली अडीच हजार मीटरहून अधिक. शोध घेणाऱ्या जहाजांनी लांबलचक दोरांना कॅमेरे बांधून खाली सोडले. पण दोराच्या टोकाचा कॅमेरा नक्की कुठं आहे, हेच कळेना! १९६४ मध्ये ‘मिझार’ या जहाजाच्या तळाशी आवाज टिपणारी यंत्रं बसवली आणि खालच्या उपकरणाचा माग त्याच्या आवाजावरून काढला. तेव्हा कुठं पाणबुडीचे मोठे अवशेष सापडले.

पुढची युक्ती साधी आणि मोठी. समुद्रतळावर तीन-चार ध्वनियंत्रं ठेवायची. त्यांच्या जागा आधी नीट मोजून घ्यायच्या. खालचं वाहन हाक मारतं, प्रत्येक यंत्र आपल्या वेगळ्या सुरात ‘ओ’ देतं. ‘ओ’ दोन सेकंदांनी आली, तर एक सेकंद जायला, एक यायला. म्हणजे अंतर दीड हजार मीटर. एका अंतरावरून जागा कळत नाही. त्या यंत्राभोवतीच्या वर्तुळावर तुम्ही कुठंही असाल. पण तीन वर्तुळं काढली आणि खोली माहीत असली, की ती एकाच ठिकाणी मिळतात. चूक मीटरभराच्याही आत येते. अडचण एवढीच की ही यंत्रं तळावर मांडायला वेळ आणि पैसा फार लागतो. म्हणून नंतर जहाजाखालीच एक लहान यंत्र बसवू लागले. त्यात काही सेंटिमीटरवर अनेक ‘कान’ असतात. प्रत्येक कानाला आवाज किती फरकानं पोचला, हे ते मोजतं. विहिरीत आमच्या कानांना जे जमलं नाही, ते हे यंत्र करतं. वर जहाजाला उपग्रह, खाली आवाज. दोन्हींची सांगड घातली की तळावरच्या नळाचीसुद्धा नकाशावर नोंद होते.

बॉम्बे हायला १९७४ मध्ये तेल सापडलं. मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत. तिथं समुद्राखाली नळांचं जाळं आहे. नांगर टाकला तर नळ फुटायची भीती. म्हणून काही जहाजं नांगर न टाकता, उपग्रह आणि खालच्या ‘ओ’च्या आधारानं पंखे फिरवत जागच्या जागी उभी राहतात. “खाली आमचा पाणबुड्या असतो, मामू,” भाचा म्हणाला. “जहाज सरकलं तर त्याचा जीव जातो.”

हे ऐकताना मला १९८५ आठवलं. २३ जूनला एअर इंडियाचं ‘कनिष्क’ आयर्लंडजवळ समुद्रात कोसळलं. ३२९ जीव गेले. मी तेव्हा शाळकरी होतो; रेडिओभोवती सारी गल्ली गोळा व्हायची. विमानाच्या ब्लॅक बॉक्सला एक छोटा ध्वनिदीप असतो. पाणी लागलं की तो सेकंदाला एकदा आवाज करू लागतो. तो आपल्याला ऐकू येत नाही. कंपनं सेकंदाला साडेसदतीस हजार. त्याच आवाजाचा माग काढत जुलैत दोन्ही पेट्या सुमारे दोन हजार मीटर खोलीवरून वर काढल्या आणि मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तपासल्या. त्या ध्वनिदीपाची बॅटरी तीस दिवसांची होती. २०१४ मध्ये मलेशियाचं विमान २३९ माणसांसह नाहीसं झालं. त्याची ‘ओ’ कोणालाच मिळाली नाही. पुढं नियम बदलून ही मुदत नव्वद दिवसांची झाली.

आमच्या खेळातला एक जण एका दुपारी वर आलाच नाही. गाव काठावर जमलं. माणसं हाका मारत होती, गळ टाकत होती. त्याची आई रडत नव्हती, एकच विचारत होती, “कुठं हाय माझं लेकरू?” विहीर चार पुरुष खोल, तरी सांगता येईना. दिवस मावळताना तो सापडला. तेव्हा ती रडली.

मेलेला परत येत नाही, हे तिलाही ठाऊक होतं. पण जागा कळल्याशिवाय माती देता येत नाही. पाण्याखालच्या या विद्येतली गणितं मला पुरी उमगत नाहीत. तिच्या मुळाशी त्या माऊलीचा प्रश्न आहे, एवढं मात्र उमगतं. ‘ओ’ देणारा सापडतो. आपण वेळेत कान लावायला हवा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)